पूर्व काठचा पाया

तावेरा नदीच्या पश्चिम काठचा पाया ओतून झाला, त्या दिवशी इंजिनिअर थेरेसिताने सगळ्या कामगारांना भात आणि डब्यातली मासळी खाऊ घातली. तिचा आनंद दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला. सकाळी पूर्व काठावर खोदाई सुरू व्हायची होती, आणि खोदाईचं मशीन नेमकं तेव्हाच आजारी पडलं.

"पाइप गळतोय, बाई," ड्रायव्हर फ्लोरियन म्हणाला. बोलताना तो जमिनीकडे बघत होता.

पाइप बदलला. दुसऱ्या दिवशी मशीनचा हात वर उचलेना. मेकॅनिक आला, सगळं उघडून पाहिलं, परत बंद केलं आणि म्हणाला की मशीन ठणठणीत आहे. मुकादम पायस सुपारी चघळत हे सगळं बघत होता. बोगनव्हिल बेटावर घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर पायसचं स्वतःचं मत असे आणि ते कुणी विचारायची तो वाट बघत नसे.

"ताई, मशीनला काही झालेलं नाही. ड्रायव्हरला झालंय. बायको पळून गेली असेल."

"त्याला बायको नाहीये, पायस."

"मग तर दुखणं आणखीच जुनं."

तिसऱ्या दिवशी पूर्व काठावर, थेरेसिताने स्वतःच्या हाताने ठोकलेल्या खुंटीला, तांबड्या पानांची जुडी गाठ मारून बांधलेली सापडली. ती पानं पाहिल्याबरोबर कामगारांनी फावडी खाली ठेवली आणि झाडाखाली जाऊन बसले. कुणी काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतं. पानं बांधली म्हणजे पुढे पाऊल टाकायचं नाही. बाहेरून आलेल्या एखाद्या इंजिनिअरने ती उपटून फेकली असती आणि मग वर्षभर एकट्यानेच पूल बांधला असता. थेरेसिता इथलीच होती. तिने पानांना हात लावला नाही, पण तिच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली.

तिला घाई होती, आणि ती उगाच नव्हती. पुलाच्या लोखंडी तुळया बंदरात येऊन पडल्या होत्या. मोठ्या पावसाच्या आत पूर्वेचा पाया तयार झाला नाही, तर त्या उत्तरेकडच्या दुसऱ्या नदीवर जातील, असं ऑफिसने रेडिओवर दोनदा बजावलं होतं. एकदा गेलेल्या तुळया परत येत नाहीत हे थेरेसिताला चांगलं ठाऊक होतं. आणि पश्चिमेला दवाखाना, पूर्वेला मळे, मधे ही बया नदी. गेल्या पावसात एका बाळंतिणीला चौघे जण खांद्यावरून या पाण्यातून नेत होते. पलीकडे पोचले तेव्हा खांद्यावर ओझं तेवढंच होतं, पण बाई नव्हती. थेरेसिता तेव्हा काठावर उभी होती, आणि हा पूल झाल्याशिवाय मी दुसरी नदी बघणार नाही असं तिने तिथेच ठरवलं होतं.

पूर्वी इथे पूल होता. लढाई पेटली तेव्हा पूर्वेचे लोक जंगलातल्या बंडवाल्यांबरोबर गेले, पश्चिमेचे सैन्याच्या बाजूला राहिले. सैन्य येऊ नये म्हणून पूर्वेच्यांनी पुलाच्या तारा कापल्या, बंडवाले येऊ नयेत म्हणून पश्चिमेच्यांनी फळ्या जाळल्या. त्या दहा वर्षांत दोन्ही काठांनी मिळून केलेलं तेवढं एकच काम.

मग लढाई मिटली. बेटभर ठिकठिकाणी दोन्हीकडच्या आया एकत्र बसल्या, बोलायचं ते बोलून झालं, डुकरं कापली, बाण मोडले, एकमेकांच्या हातची सुपारी खाल्ली. तावेराचे दोन काठ मात्र बसले नाहीत. त्यांच्यामध्ये थेरेसिताचा भाऊ होता. लायनस.

लायनस दवाखान्यात मलमपट्टी करायचा. पूर्वेला तापाची साथ होती, औषधाचा थेंब पोचत नव्हता, आणि पूर्वेला त्यांच्याच धनेश पक्ष्याच्या कुळीची माणसं राहत होती. नातं आईकडून धरायचं असतं. त्या हिशेबाने पलीकडच्या सगळ्या म्हाताऱ्या त्याच्या मावश्याच. हिवतापाच्या गोळ्यांचा डबा घेऊन तो एका रात्री होडीतून पलीकडे निघाला तो परत आला नाही. थेरेसिता तेव्हा समुद्रापलीकडे लाए शहरात शिकत होती. बेटाची नाकेबंदी झालेली, त्यामुळे भाऊ गेल्याची बातमीही तिला पावसाळा उलटल्यावर कळली. मिशनच्या दफनभूमीत लायनसच्या नावाचा क्रूस आहे. त्याच्याखाली नुसती माती आहे.

आई हिल्डा म्हणायची, "माझ्या पोराच्या गोळ्या खाल्ल्या आणि पोरालाही खाल्लं." आणि पुलाचं काम सुरू झालं तेव्हा तिने मुलीला तोंडावर सांगितलं, "बांध तू पूल. सरकारचं काम आहे, करायलाच हवं. पण त्या लोकांकडे जाणाऱ्या पुलावर ही हिल्डा पाय ठेवणार नाही. मेल्यावरसुद्धा नाही." आई असं बोलली की ते दगडावर कोरलं जायचं.

तर आता घोडं पेंड कुठे खातंय ते थेरेसिता शोधायला लागली. पूर्वेच्या अकरा कारभाऱ्यांच्या सह्या तिने घेतल्या होत्या. धुतलेले शर्ट घालून, खाकरून, भाषणं करून त्यांनी सह्या दिल्या होत्या. मग पानं बांधली कुणी? तिने पुन्हा जाऊन ती जुडी नीट पाहिली. गाठ आडवी होती, दोन पदरी. बायका टोपलीच्या कानाला मारतात तशी.

थेरेसिताने कपाळावर हात मारला. जमीन बायकांची आणि सह्या पुरुषांच्या! या बेटावर जमीन आईकडून लेकीकडे जाते, पुरुष फक्त सभेत तिच्याबद्दल लांबलचक बोलतात, हे इथे रांगणाऱ्या पोरालाही कळतं. तिलाही कळत होतं. पण ऑफिसच्या फॉर्मवर 'प्रमुख' असा एक रकाना होता, पुरुष आधी येऊन उभे राहिले आणि तिला घाई होती. आईच्या दुधाबरोबर आलेलं शहाणपण तिने एका रकान्यासाठी बाजूला ठेवलं होतं.

"जमीन कुणाची आहे ती?" तिने विचारलं.

"ओतिलिया म्हातारीची," पायस म्हणाला. "आपल्या फ्लोरियनची आई. ताई, उगाच विचार करत बसू नका. एक डुक्कर पाठवा. डुकराने मिटत नाही असं भांडण देवाने केलेलंच नाही."

म्हणून डुक्कर पाठवलं. चांगलं काळं, मस्तवाल, चौघांनी बांबूला उलटं टांगून नदीपार नेलं. संध्याकाळी ते परत आलं. त्याला आंघोळ घातली होती आणि पायांना जुन्या दोराऐवजी नवा दोर होता.

झाडाखालचे कामगार पोट धरून हसले. "ताई," पायस म्हणाला, "गेलं त्याहून देखणं होऊन आलंय. दुसऱ्यांदा पाठवलं तर लग्नच ठरवून येईल."

थेरेसिता हसली नाही. चूक तिच्या ध्यानात आली होती आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. आधी बोलणं, मग डुक्कर, हा इथला क्रम. बोलण्याच्या आधी डुक्कर धाडणं म्हणजे तोंड बंद ठेवायची किंमत देणं. तिने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. ओतिलियाने मात्र अपमान न करता, न्हाऊमाखू घालून तिला ते सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी, रिकाम्या हाताने, कमरेएवढ्या पाण्यातून पूर्वेला गेली.

ओतिलिया स्वयंपाकाच्या खोपटात अळूचे कंद सोलत बसली होती. बारीक, काळीशार, पांढऱ्या केसांची. तिने वर बघितलं आणि पुन्हा कंदाकडे बघायला लागली.

"मावशी, माझी चूक झाली," थेरेसिता उंबऱ्याशी बसत म्हणाली. "तुमच्या जमिनीवर तुम्हाला न विचारता खुंटी ठोकली."

"हं."

"आणि ते डुक्कर."

"डुक्कर बरं होतं," ओतिलिया म्हणाली. "कानात गोचिड्या होत्या. काढल्या मी."

थेरेसिताने सुरी मागून घेतली आणि तीही कंद सोलायला लागली. तिने तुळयांचं सांगितलं, पावसाचं सांगितलं, त्या बाळंतिणीचं सांगितलं. खुंटी थोडी वरच्या अंगाला सरकवून चालेल का, असंही तिने मनाविरुद्ध विचारून पाहिलं. वरच्या अंगाला नुसती भुसभुशीत वाळू होती आणि तिथे बांधलेला पाया दुसऱ्या पुरात नदीबरोबर समुद्र बघायला गेला असता. पण ती विचारून गेली. ओतिलिया नुसती ऐकत होती. सावली खोपटाच्या दुसऱ्या बाजूला गेली, नारळाच्या दुधात कंद शिजले, दोघींनी केळीच्या पानावर घेऊन खाल्ले. बाहेर फ्लोरियन येऊन उभा होता. तो आत येत नव्हता आणि जातही नव्हता.

शेवटी ओतिलियाने बोटं पुसली. "तुझी आई चालते का अजून?"

"चालते. माझ्याहून जोरात."

"तिला घेऊन ये."

"आई इकडे यायची नाही, मावशी. तुम्हाला माहीत आहे. जे काय बोलायचं ते माझ्याशी बोला."

"तुझ्याशी नाही बोलता येणार," ओतिलिया म्हणाली. "जिच्या पोटचं आहे, तिच्यासमोरच बोलायचं असतं."

थेरेसिताने दाराबाहेर पाहिलं. फ्लोरियन दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा होता. मशीनचा गळणारा पाइप, न उचलणारा हात, तांबडी पानं, सगळं एकदम जागच्या जागी बसलं. ती खुंटी तिने स्वतः ठोकली होती, लाकडी हातोड्याने, जोर लावून, आपल्या भावाच्या अंगावर.

परत येताना नदीच्या मध्यावर ती थांबली आणि मोठ्याने रडली. तिथे पाण्याचा आवाज मोठा होता.

घरी आल्यावर तिने आईला आडपडदा न ठेवता सांगितलं. हिल्डा रताळी भाजत होती. तिने ती एकेक करून विस्तवातून बाहेर काढली. मग उठून मिशनला जायचा झगा घातला, लायनसच्या बाप्तिस्म्याच्या वेळी विणलेली चटई काखेत घेतली आणि दाराबाहेर पडली.

"आई, उद्या सकाळी जाऊ. पाणी—"

"किती वर्षं झाली, तुझं आपलं उद्याच चालूय."

सत्तरी उलटलेली बाई, एका बाजूला थेरेसिता, दुसऱ्या बाजूला पायस, तिच्या छातीपर्यंत पाणी, डोक्यावर चटई. मधल्या धारेत तिचा पाय निसटला आणि दोघांनी तिला धरलं. पायस आयुष्यात पहिल्यांदाच काही बोलला नाही. हिल्डा मात्र बोलली. "एवढी शिकलेली इंजिनिअर पोटी आणि पाण्यातून चालतेय मी!"

दोन्ही म्हाताऱ्या ओतिलियाच्या अंगणात समोरासमोर बसल्या. लहानपणी एकाच झऱ्यावर पाणी भरायच्या त्या. पूर्वेच्या आणखी बायका भोवती येऊन बसल्या. ओतिलियाने मुलाला बोलावलं आणि फ्लोरियन गुडघ्यांवर बसला.

"मी पहाऱ्यावर होतो," तो म्हणाला. "काळोख होता. होडी दिसली. सैन्याचीच म्हणून मी गोळी घातली. खाली उतरून पाहिलं, तर लायनस. आम्ही मिशनच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मी त्याला हाक मारली, त्याने माझं नाव घेतलं. मग गेला."

"पुढे?" हिल्डा म्हणाली.

"त्याला मी एकट्यानेच पुरलं. आता खुंटी आहे तिथे, कारण तिथे पूर कधी चढत नाही आणि खाली खडक आहे. पाण्याने नेऊ नये म्हणून."

थेरेसिताने डोळे मिटले. पूर चढत नाही आणि खाली खडक आहे, म्हणूनच तिनेही तीच जागा निवडली होती.

"डोकं कुठल्या बाजूला ठेवलंस?"

"तुमच्या घराकडे."

हिल्डाने मान हलवली. "आणि तापाच्या गोळ्या?"

ओतिलिया बोलली. "वाटल्या आम्ही. माझी धाकटी तापाने फणफणली होती, डोळे पांढरे केले होते तिने. त्या गोळ्यांनी उठली. ती बघ, तिथे बसलीय. तिला तीन पोरं आहेत." तिने छातीवर हात मारला. "मला माहीत होतं, हिल्डा. पहिल्यापासून. एका कुळीतलं रक्त, माझ्याच पोराच्या हातून. कुठल्या तोंडाने नदी ओलांडणार होते मी? तुझी पोरगी खुंट्या ठोकायला आली तेव्हा वाटलं, आता लोखंडाच्या दातांनी उकरतील त्याला. म्हणून पानं बांधली."

हिल्डा त्या तीन पोरांच्या आईकडे बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे पोचवल्या त्याने," ती म्हणाली. "कामचुकार म्हणायचे मी त्याला."

मग ती ओरडून रडायला लागली, आणि तिच्याबरोबर सगळ्या बायका.

खुंटी थेरेसितानेच उपटली. फ्लोरियनने जागा दाखवली आणि तो दूर जाऊन उभा राहिला. बायकांनी काठ्यांनी आणि हातांनी माती काढली. गळ्यातलं मारियामातेचं पदक आधी सापडलं, मग लायनस. हिल्डाने एकेक हाड झग्याला पुसून चटईत ठेवलं. चटई लहान बाळासाठी विणलेली होती, तरी पुरली.

थेरेसिताला फ्लोरियनकडे बघवत नव्हतं. या हातांना तिने पगार दिला होता, याच्याबरोबर चहा प्यायला होता. आता या साइटवर तो पुन्हा दिसता कामा नये. दुसरा ड्रायव्हर उत्तरेकडून मागवायचा, आठवडा गेला तरी चालेल. राग एवढा खरा होता की तिला त्याची लाजही वाटली नाही.

संध्याकाळी ओतिलियाने चुना लावून सुपारी पुढे केली. ती तोंडात टाकली म्हणजे मिटलं. हिल्डाने सुपारी घेतली, निरखून पाहिली आणि पिशवीत टाकली.

"खाईन," ती म्हणाली. "आज नाही."

"चल, आई," थेरेसिता म्हणाली. "काळोख पडायच्या आत नदी ओलांडू. लायनसला मी उचलते."

"लायनस पाण्यातून जाणार नाही."

"अगं पण—"

"एकदा गेला होता तो पाण्यातून. बस झालं." हिल्डाने चटई ओतिलियाच्या खोपटात, भिंतीच्या उंच फळीवर नेऊन ठेवली आणि तिच्याखाली बैठक मारली. "आता तो पुलावरून घरी जाईल. चालत जावं तसा. आणि मी त्याच्याबरोबर जाईन. तोवर आम्ही दोघं इथेच आहोत. ओतिलिया, जागा आहे ना?"

ओतिलियाने मान डोलावली.

"आई, तू म्हणाली होतीस, या पुलावर पाय—"

"तो सापडायच्या आधी म्हणाले होते. तुला काय, आईचे शब्द धरायचा पगार मिळतो?" मग तिने अंगणात उभ्या असलेल्या फ्लोरियनकडे बोट केलं. "याला काढायचा विचार करतेयस ना? तोंडावर दिसतंय तुझ्या. काढायचं नाही. खड्डा याने खणला होता, आता पायाही यानेच खणायचा. रोज सकाळी मी इथून बघणार आहे."

थेरेसिताला वाटलं, ओरडावं. पण आईने लायनसला दिलेला शब्द आता तिच्या डोक्यावर आला होता. मोठा पाऊस येवो की ऑफिसचा रेडिओ ओरडो, तुळया इथेच चढणार होत्या. आई शत्रूच्या घरात मुक्काम ठोकून बसली असताना पूल अर्धा सोडणारी लेक या बेटावर अजून जन्माला यायची होती. उठून तिने खुंटी उचलली, मोकळ्या झालेल्या मातीपाशी गेली, मोजमाप पुन्हा केलं आणि खुंटी होती तिथेच ठोकली.

सकाळी कामगार आले तेव्हा तांबडी पानं नव्हती. ओतिलियाने ती पहाटेच सोडली होती. खोपटातून दोन म्हाताऱ्यांचा आवाज येत होता. अळूला दूध किती घालावं यावर त्यांचं जुंपलं होतं, आणि हिल्डाचं म्हणणं होतं की पूर्वेच्या बायकांना हे कधीच जमलं नाही. पायसने कान देऊन ऐकलं आणि समाधानाने मान हलवली.

फ्लोरियन मशीनपाशी उभा होता. रात्रभर तो तिथेच बसला असावा. त्याने किल्ली थेरेसितापुढे धरली.

तिने किल्ली घेतली नाही. तिला अजूनही त्याच्या तोंडाकडे बघणं जमत नव्हतं, म्हणून ती मशीनकडे बघत होती.

"पाइप गळतोय का अजून?"

"नाही, बाई."

"मग चढ वर," ती म्हणाली. "माणसं खोळंबलीत."